खाकी कापडाची घडी

बाबा दुपारी डोळे मिटून पडलेले असायचे आणि मध्येच विचारायचे, "भोंगा झाला का?" बाबांच्या रांझीतल्या कारखान्याचा भोंगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, महाराजपुरातल्या आमच्या घरापर्यंत कधीच पोचला नाही, आणि बाबांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. मी "झाला" म्हणायचे. मग त्यांचा चेहरा निवायचा. खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पायांवरून सरकत सरकत कोपऱ्यातल्या आईच्या शिलाई मशीनपर्यंत जायचं. आई जाऊन सहा वर्षं झाली तरी ते मशीन आम्ही जागचं हलवलं नव्हतं. बाबांच्या ऑपरेशननंतरच्या त्या तीन महिन्यांतलं मला ते ऊनच जास्त आठवतं.

बाबांच्या खुब्यात फार पूर्वी बसवलेली कृत्रिम वाटी सैल झाली होती. भोवतालचं हाड झिजून तिथे पोकळी पडलेली. डॉक्टरांनी जुनी वाटी काढून पोकळीत कृत्रिम हाडाचे दाणे ठासून भरले आणि त्यावर नवी वाटी बसवली. ऑपरेशनच्या आधी त्यांनी आम्हाला दाण्यांची बाटली दाखवली होती. जाड रव्यासारखे पांढरे दाणे.

बाबांनी विचारलं, "किसकी हड्डी है, डॉक्टर साहब?"

"किसी की नहीं, अंकलजी. कारखाने में बनती है. इसमें धीरे-धीरे आपकी अपनी हड्डी उग आएगी."

कारखान्याचं नाव निघताच बाबा एकदम खूश.

ती खुशी टिकली नाही. बाबा जन्माचे फिटर. सैल भागाखाली पत्र्याचा तुकडा सारून वेळ मारून नेणं, म्हणजे पॅकिंग, याचा त्यांना मनापासून तिटकारा. आमच्या घरात डुगडुगत्या खुर्चीखाली पुठ्ठा घालायची कुणाची टाप नव्हती. बाबा कानस घेऊन खुर्चीचा पायच घासत बसायचे. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, हाड छान धरलंय, आता पायावर पूर्ण भार द्या. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा पलंग धरला.

"काहून उठून नाही राहिले, बाबा?"

"पॅकिंग आहे ते. भार पडला की सरकते."

"डॉक्टर म्हणाले ना, पक्कं झालं."

"अच्छा. त्यानं कधी लेथ चालवली का?"

मला राग यायचा, आणि रागाच्या खाली भीती. असेच पडून राहिले तर मांड्या वाळतील आणि बरा झालेला पायही कामाचा राहणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मांड्या वाळायला लागल्याच होत्या. रोज चादर बदलताना मला ते दिसायचं.

एका दुपारी ऊन मशीनवर आलं, तेव्हा मी आईला दिलेला शब्द मोडला. घर बांधताना बाबांनी गवंड्यावर विश्वास न ठेवता स्वतः पाणसळ लावून फरशी बसवून घेतली होती. तरी मशीनचा एक पाय डुगडुगायचाच. आईने त्यांच्या जुन्या खाकी पँटीचा तुकडा फाडला, घडीवर घडी घातली आणि पायाखाली सारला. "त्यांना सांगू नको," ती म्हणाली होती, "वाईट वाटेल."

"त्या मागच्या पायाखाली पॅकिंग आहे, बाबा. वीस वर्षांपासून. तुमच्याच पँटीचं."

बाबांनी डोळे उघडले. मान वळवून मशीनच्या पायाकडे पाहिलं.

"काढून दाखव."

मी जमिनीवर बसले. आधी बोटांनी ओढून पाहिलं, मग स्क्रूड्रायव्हर आणला. तेल, धूळ आणि फरशी पुसतानाचं पाणी पिऊन ती घडी लाकडासारखी टणक झाली होती. पाय कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं, तेच कळेना. मी मशीन ढकलूनही पाहिलं, पण ते जराही डुगडुगलं नाही.

"निघत नाही, बाबा."

"काहून?"

"बसलंय ते."

ऊन भिंतीवर चढलं. मग त्यांनी वॉकर मागितला. पलंगाच्या कडेला उठून बसले, उभे राहिले आणि चांगला पाय उचलून पुढे टाकला. त्या एका क्षणात सगळा भार दुखऱ्या पायावर होता. असं करत ते मशीनपर्यंत आले आणि त्याच्या फळीवर त्यांनी हात टेकला.

"मला सांगितलं नाही तिनं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. वॉकर तिथेच सोडून, मशीनच्या कडेकडेने ते खिडकीकडे चालू लागले.