न झिजणारे बूट

बूटवाल्याच्या दुकानातला बूट झिजून परत आला असं सहसा घडत नसे, आणि याचा त्याला भलताच तोरा होता. गिऱ्हाईक कंटाळेल पण सोल कंटाळणार नाही, असं तो स्वतःच सांगत सुटायचा.

धाकट्या लेकीने अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी सुरू केली तेव्हा त्याने महिनाभर नाक मुरडलं. मग एक दिवस न बोलता तिच्या पायाचं माप घेतलं आणि धावायचे बूट शिवून दिले. जाड रबराचा दुहेरी सोल, नाल ठोकायचा तेवढा बाकी. पोरगी हरखून गेली. रोजचं धावणं तिने एकदम दुप्पट केलं, तेही गोदामामागच्या सिमेंटच्या रस्त्यावर.

थोड्याच दिवसांत तिच्या नडग्या ठणकू लागल्या. बूटवाल्याच्या लेखी पायाच्या प्रत्येक दुखण्याचं औषध बुटातच असतं. त्याने टाच उंच केली. दुखणं वाढलं. मग त्याने सोलला आणखी एक थर चिकटवला. लेक जिना उतरतानाही कठडा धरू लागली, तेव्हा बायकोने त्याला फैलावर घेतलं. "रबर पुरे झालं. तिला डॉक्टरकडे न्या."

डॉक्टरीणबाईंनी नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला. "वीतभर दुखतंय, एका टिंबावर नाही. म्हणजे हाड चिरलेलं दिसत नाही. पण अशीच धावत राहिलीस तर चिरेल." धावणं एकदम वाढवलं, रस्ता कडक, हाडाला सावरायला उसंतच मिळाली नाही, असं त्यांनी समजावलं. आता धावणं बंद, हवी तर सायकल. बर्फ कापडात गुंडाळून लावायचा. दुखणं गेलं की पोटऱ्यांचा व्यायाम आणि मऊ मातीवर थोडं थोडं धावणं. मग त्यांनी बूट वाकवून पाहिले. ते वाकले नाहीत. "टिकतील हो हे," त्या म्हणाल्या, "पण यांच्या वाटणीचा मार हिचे पाय खातायत."

भरतीची धाव पंधरवड्यावर आली होती, आणि पुढची भरती थेट वर्षभराने. घरी येताच लेक नडगीला पट्टी आवळू लागली.

"एकदाच पळते. मग वर्षभर झोपून राहीन."

बूटवाल्याने चामडं कापायची रापी घेतली आणि बुटांचे सोल उतरवायला बसला. शिवण त्याचीच, सहजी सुटेना, घाम निघाला. लेक आधी नुसती बघत राहिली, मग रडायला लागली.

"पहिल्या दिवसापासून जड होते, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती दिवसांनी हो म्हणालात. बूट नको म्हटलं असतं तर तुम्हीही पुन्हा नाही म्हणाला असता."

हे त्याला लागलं, कारण ते खरं होतं. उतरवलेला सोल त्याने बाजूला टाकला.

"मी हो म्हटलंय ते म्हटलंय, पुढच्या वर्षीच्या भरतीलाही," तो म्हणाला. "बूट तेवढे समोरच्या दुकानातून आणू."