दहावी प्रस्तावक

शर्मिष्ठा रामटेके रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात आयाबाई होती. राहायला भनपुरीत, ट्रकांच्या अड्ड्यामागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात. माहेर गोंदियाकडचं. नवरा गौतम भनपुरीतल्याच एका रोलिंग मिलमध्ये होता. तापलेली सळई उसळून त्याच्या पोटातून आरपार गेली, तेव्हा मालकाने आधी फाटक लावून घेतलं आणि मग गाडी बोलावली. प्रेत बाहेर सोडेनात. सोबतचे कामगार फाटक उखडायला लागले, आतून लाठ्या चालल्या, दोघांची डोकी फुटली. त्या रक्तातच खासदार अनंतराव देशकर येऊन जमिनीवर बसले आणि प्रेत बाहेर आणून मालकाकडून भरपाई लिहून घेतल्याशिवाय उठले नाहीत. दवाखान्यातली नोकरीही पुढे त्यांच्याच शब्दावर लागली. पोरगी रुचिता तेव्हा शाळेत जायला लागली होती.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत शर्मिष्ठा रजा टाकून अनंतरावांच्या प्रचाराला जायची. कुणी सांगावं लागत नसे.

या खेपेला पक्षाने अनंतरावांचं तिकीट कापलं. वय झालं म्हणाले. तिकीट गेलं एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे, ज्याचे अर्धे ट्रक भनपुरीतच उभे असत. बातमी आली त्या दुपारी अनंतरावांच्या माणसांनी पक्षाचं ऑफिस फोडलं, खुर्च्या रस्त्यावर आणून पेटवल्या. ट्रान्सपोर्टवाल्याची माणसं रॉड घेऊन उतरली. एका पोराचा कान कापला गेला. दुसऱ्या दिवशी अनंतरावांनी जाहीर केलं की ते अपक्ष उभे राहणार.

पक्षाच्या उमेदवाराला एकच प्रस्तावक लागतो, अपक्षाला दहा. इतकी वर्षं खासदारकी भोगलेल्या माणसाला दहा माणसं काय कठीण, असं कुणालाही वाटेल. पण हार घालणाऱ्यांचे फोन बंद झाले. कुणाचा भाऊ अचानक आजारी पडला, कुणी नागपूरला लग्नाला गेला. अर्ज भरायच्या शेवटच्या सकाळी कशीबशी नऊ माणसं जमली होती, त्यातही दोघं बंगल्यावरचे नोकर. अनंतरावांचा ड्रायव्हर मारोती गाडी घेऊन दवाखान्यात आला. शर्मिष्ठा पलंगावरच्या चादरी बदलत होती. मारोतीने सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की हे धोक्याचं काम आहे, विचार करून घे. तिने हात धुतले आणि गाडीत जाऊन बसली. दहावी सही तिची झाली.

संध्याकाळी भनपुरीला ऑटोतून उतरली तेव्हा सचिन दोन सोबत्यांना घेऊन उभाच होता. सचिन तिच्याच पाऱ्यातला, चार घरं सोडून राहणारा. लहानपणी गौतमच्या सायकलवर बसून फिरलेला पोट्टा, आता ट्रान्सपोर्टवाल्याच्या अड्ड्यावर वसुली करायचा. त्याच्या हातात स्टॅम्पपेपर होता. त्यावर लिहून आणलं होतं की अनंतरावांच्या अर्जावरची सही शर्मिष्ठा रामटेकेची नाही. एक सही खोटी ठरली की दहाची नऊ होणार आणि अर्ज बाद. चाची, बस यहाँ साइन कर दो, असं तो अगदी घरच्यासारखं म्हणाला.

"सही माहीच आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "नाही म्हून काहून लिहू?"

पुढचं फार लवकर झालं. दोघांनी तिला उभ्या ट्रकच्या मागे ओढलं. तिचा उजवा हात ट्रकच्या कडेवर दाबून धरला. सचिनने ट्रकचा मागचा लोखंडी फाळका उचलला आणि खाली सोडला. पहिल्यांदा ती किंचाळली. दुसऱ्यांदा तिला आपल्याच हातातली हाडं मोडल्याचा आवाज ऐकू आला, सुकी काटकी मोडावी तसा. चहाच्या टपरीवर दहा-पंधरा ड्रायव्हर बसले होते. एकही उठला नाही. उठला तो बिसाहू, गोणी उचलणारा म्हातारा हमाल. त्याने सचिनला मागून कवळ घातली. सोबत्याने त्याच्या गुडघ्यावर रॉड घातला आणि तो जागीच बसला. आरडाओरडा ऐकून रुचिता धावत आली, तर सचिनने तिच्या तोंडावर उलट्या हाताने मारलं. तिचा पुढचा दात तुटून ओठात घुसला. जाताना सचिन शर्मिष्ठाच्या कानाशी वाकून म्हणाला की उद्या अर्जांच्या छाननीला कलेक्टर ऑफिसला दिसलीस तर पोरीचा चेहरा ओळखू येणार नाही.

सरकारी दवाखान्यात हाताला प्लास्टर पडलं. पोलीस रिपोर्टात 'अज्ञात व्यक्ती' लिहायला बघत होता. शर्मिष्ठाने डाव्या हाताने टेबल धरलं आणि सचिनचं नाव, त्याच्या बापाचं नाव, घराचा पत्ता लिहून होईस्तोवर ती तिथून हलली नाही.

सकाळी ती निघाली तेव्हा रुचिता दारात आडवी आली. ओठाला टाके होते, शब्द नीट फुटत नव्हते. "मम्मी, मत जाओ. उनका झगड़ा है, वो लोग निपटें."

"तुह्या बापाचं प्रेत त्यायनं बाहेर आनलं," शर्मिष्ठा म्हणाली. "मी एवढं बी नाही करू?"

रुचिता बाजूला झाली नाही. शेवटी आईच्या सोबत गेली.

कलेक्टर ऑफिसच्या फाटकावर दोन्ही बाजूंची माणसं भिडलेली होती. दगड येत होते, पोलीस दिसेल त्याला लाठी मारत होते. मायलेकींच्या पाठीवरही पडल्या. आत ट्रान्सपोर्टवाल्याचा वकील सांगत होता की दहाव्या प्रस्तावकाची सही बनावट आहे, ती बाई समोर यायला तयार नाही. तेवढ्यात ती समोर आली. वकील गडबडला, पण लगेच सावरला. म्हणाला, खरी असेल तर इथे सही करून दाखवावी. सगळ्यांचे डोळे प्लास्टरवर गेले.

"सही माही आहे," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "हात कोनं तोडला ते बी इचारा न साहेब."

अधिकाऱ्याने ते विचारलं नाही, ते त्याच्या कामात बसत नव्हतं. पण तिचं ओळखपत्र पाहिलं, जबाब लिहून घेतला आणि अर्ज वैध ठरवला. बाहेर अनंतरावांना खांद्यावर घेऊन माणसं नाचली. त्यांनी वरूनच तिला हात जोडले. त्या क्षणी हाताची कळ तिला जाणवेनाशी झाली. आपण गौतमच्या वेळचं ऋण फेडलं असं तिला वाटलं.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी ती दवाखान्यात होती. हात गळ्यात बांधलेला, पण बसून रजिस्टर सांभाळत होती. समोरच्या टीव्हीवर अनंतराव दिसले. ट्रान्सपोर्टवाला त्यांना लाडू भरवत होता. अनंतरावांनी अर्ज मागे घेतला होता. नवा रायपुरात कुठल्याशा महामंडळाची खुर्ची कबूल झाली, हे तिला मागाहून कळलं. बंगल्याच्या अंगणात त्यांच्याच समर्थकांनी एकमेकांना धुतलं आणि मारोतीच्या डोक्यात कुणीतरी कुंडी घातली.

प्रचार रंगात आला तसे एका दुपारी अनंतराव तिच्या घरी आले. मागे फळांची करंडी घेऊन सचिन.

अनंतराव खाटेवर बसले. तिची, रुचिताची चौकशी केली. मग म्हणाले की राजकारणात असं होतं, आता सारे एकच आहेत, पोट्ट्याकडून चूक झाली. रिपोर्ट तेवढा वापस घे, निवडणुकीत उगाच बोभाटा नको. त्यांनी खूण केली तसा सचिन पाया पडायला वाकला.

शर्मिष्ठा पाट्यापाशी बसली होती, डाव्या हाताने कशीबशी चटणी वाटत. तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. वरवंटा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं. सचिन तोंडावर पडला, करंडीतली सफरचंदं घरभर झाली. तिने दुसऱ्यांदा उचलला तेव्हा रुचिताने तिचं मनगट धरलं, नाहीतर तो डोक्यात बसला असता. मारूनही शर्मिष्ठाला बरं वाटलं नाही. तिथेच ओकारी झाली.

अनंतराव भिंतीला टेकून उभे होते. हे काय केलंस, एवढंच ते म्हणत राहिले.

तिने पदराने तोंड पुसलं. "साहेब, सही मी तुमाले देल्ली होती, तुमी विकली. रिपोर्ट माहा आहे. तो नाही भेटत."

त्यानंतर तिला कोठडीत राहावं लागलं. तिच्यावरही गुन्हा दाखल झाला आणि दवाखान्याने नोकरीवरून काढलं. ट्रान्सपोर्टवाला निवडून आला. शर्मिष्ठाच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकेनात. आता मायलेकी ट्रक ड्रायव्हरांना डबे पुरवतात. रांधते रुचिता, पोचवते शर्मिष्ठा. सचिनची आई येताजाता शिव्या घालते. एकदा नळावर तिने शर्मिष्ठाचे केस धरले, तेव्हा दोघी चिखलात लोळल्या.

दोन्ही बाजूंच्या वकिलांनी समझोता सुचवला होता. तू तुझी केस सोड, ते त्यांची सोडतील. रुचितालाही ते पटत होतं. शर्मिष्ठा म्हणाली, माह्या हातून जे झालं त्याची सजा भेटली तर भोगीन, पण हे सोडणार नाही.

साक्षीदार मिळेना. टपरीवरच्या ड्रायव्हरांनी काहीच पाहिलं नव्हतं. राहिला बिसाहू. त्याचा गुडघा कायमचा गेला, गोण्या सुटल्या. शर्मिष्ठा त्याला रोज डबा देते. साक्षीसाठी देते असं कुणी म्हणू नये म्हणून तिने स्वतःच त्याला सांगितलं होतं की कोर्टात ये किंवा येऊ नको, डबा चालू राहील.

तो आला. काठी टेकत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्या अड्ड्यावरच्या झोपडीची आदल्याच दिवशी कुणीतरी मोडतोड केली होती, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वकिलाने विचारलं, त्या संध्याकाळी मारणारा इथे आहे का? बिसाहूने कोर्टभर नजर फिरवली आणि काठी सचिनकडे रोखली.

"हव साहेब, एही टूरा."

शर्मिष्ठा मागच्या बाकावर बसून होती. रुचिताने तिचा वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला. जजसाहेबांनी पुढची तारीख दिली. निकाल अजून लागायचा आहे.