बंद दारापाशी थांबणाऱ्या बाई

दाराला कुलूप दिसलं की बाकीच्यांची पावलं पुढे वळायची. आमच्या सुपरवायझर बाई मात्र पदर खोचून तिथेच पायरीवर बसायच्या. सत्तरच्या दशकात भिवंडी भागात घरोघर जाऊन, माणसं महिन्याला काय खातात, काय नेसतात, याची सरकारी पाहणी आम्ही करत होतो. यादीतलं घर बंद असेल तर शेजारचं घ्यायची मुभा होती. ती साऱ्या जिल्ह्याला होती, फक्त आमच्या बाईंना नव्हती.

"अगं, ज्यांना दिवसा घरी बसणं परवडत नाही, त्यांचीच दारं बंद असतात," त्या म्हणायच्या. "शेजारणीचं लिहून नेलं की झाली गरिबी दूर." ऐकायला छान. पण ऊन माझ्याही डोक्यावर असायचं, आणि मी हंगामी होते. काम वेळेत संपलं तरच मुदतवाढ. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात पगार माझ्या एकटीचा. हे मी बाईंना शंभरदा सांगितलं. त्या शंभरदा मान हलवायच्या आणि पुन्हा पायरीवर बसायच्या.

प्रश्नही सरळ विचारतील तर शपथ. पडघ्याला एका घरी तांदळाचं विचारायचं होतं, तर बाईंनी सुरुवात सुकटीपासून केली. सुकट, मग तिचं कालवण, मग सासूच्या हातची चव. तांदळापर्यंत पोचेतो आमची एसटी निघून गेली. "पोटाचं कोणी एकदम सांगत नाही गं," एवढंच म्हणाल्या. मी रस्ताभर त्यांच्या दहा पावलं पुढे चालले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या फेरीतली शेवटची खोली भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत होती. तिथे शेलार नावाची एक विधवा लहान मुलीला घेऊन राहायची, कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. जावं तेव्हा कुलूप. शेजारीण दारातच उभी. "उसका क्या लिखोगे? मेरा लिखो ना. मेरे घर रेडियो भी है." मी पेनाचं टोपण काढलंच होतं.

"टोपण लाव," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी गेलो. पुन्हा कुलूप. सुट्टीच्या दिवशी ती भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, भांडी घासायची. संध्याकाळच्या आत कागद ठाण्याला पोचले नाहीत तर माझी नोकरी संपणार होती. "बाई, माझ्या घरचं काय?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"तुझं मला कळतं. पण खोटं घर मी देणार नाही." आणि त्या भिशीकडे चालू लागल्या.

भांडी घासणाऱ्या त्या विधवेने मान वर केली नाही. "आमच्याकं काय हाय लिवासारका? डाल न्हाय आनली या मयन्यात."

बाईंनी राखेत हात घातला आणि तिच्याशेजारी बसून ताटं घासायला घेतली. इकडे मी सारखी घड्याळ बघत होते. ताटांचा ढीग संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग पोरगी काय जेवते?"

"हितलाच उरलेला नेतय. मंग चूल कशाला पेटवू?"

"लिही," बाई मला म्हणाल्या. "घरी चूल पेटली नाही. जेवण कामाच्या बदल्यात मिळालं. दोन्ही लिही."

कागद उशिरा पोचले. उशीर स्वतःमुळे झाला, असं बाईंनी लिहून दिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. हंगामी लोकांच्या नव्या यादीत मी नव्हते. बाई कायम होत्या, त्यांची लांब बदली झाली. जाण्याआधी त्या घरी आल्या. वडिलांच्या उशाशी बसल्या. उठताना म्हणाल्या, "चुकलं असं मला वाटत नाही. पण तुझं नुकसान झालं, ते मी केलं." अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

पुढे मी एका शाळेत लागले. काही वर्षांनी तो छापील अहवाल वाचनालयात हाती आला. हजारो घरांच्या सरासरीत ते एक घर कुठे दिसणार? डाळीचा आकडा त्या विधवेमुळे केसभर खाली आला असेल, इतकंच. तेवढ्या केसभरासाठी माझी नोकरी गेली. बाईंवरचा राग अजून गेलेला नाही. पण तो आकडा खोटा आहे असं कोणी म्हणालं, तर भांडायला मीच उठते.