उघडल्याची तारीख

ह्वासुन कालवं फोडायची. थोंगयोंगच्या बंदरामागे पत्र्याच्या शेड आहेत, तिथं ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. नवशिकी बाई सुरी बिजागरीत घुसवते आणि कवचाचा चुरा मांसात पाडते. ह्वासुन बाजूनं घालायची. मनगट एकदा वळायचं, आतला स्नायू कापला जायचा आणि मांस अखंड बाहेर. एका कालवाला तीन सेकंद. चांगल्या बाईचं दिवसाला तीस किलो मांस निघतं, हिचं चाळीस. मी एकतीस वर्षं जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग केलं. काम कशाला म्हणतात ते मला कळतं. असे हात मी फार पाहिले नाहीत.

तिचा नवरा मानहो माझ्या हाताखाली शिकला. मला दादा म्हणायचा, म्हणून ती मला भावजी म्हणे. ती वयानं लहान, तरी मी तिला वहिनीच म्हणत असे. मानहो आठवडाभर कारखान्याच्या खोल्यांत राहायचा आणि रविवारी घरी यायचा. ह्वासुन बेटावरची, सतराव्या वर्षी एकटी बोटीनं आलेली. बोलायला तिखट. शेडचा मुकादम एकदा म्हणाला, "आज वारा फार आहे, हात चालत नसतील." ती म्हणाली, "हात चालतात. तुमचा काटा चालतो का ते बघा."

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात त्यांनी फ्लॅट घेतला. एकवीस वर्षं दोघांनी राबून घेतलेला, सातव्या मजल्यावर. पंधरा तारखेला आम्हाला जेवायला बोलावलं. आमच्याकडे नव्या घरी जाताना साबणाची पावडर न्यायची रीत आहे. फेस वर येतो तशी घरात बरकत यावी म्हणून. मला वाटलं, पावडर सगळेच आणतील. मी बारा बाटल्यांचं खोकं नेलं. गार वाफ सोडणाऱ्या यंत्राच्या पाण्यात घालायचं औषध. आमच्या घरांत जमीन खालून तापते, हिवाळ्यात हवा कोरडी पडते, म्हणून घरोघरी ती यंत्रं होती. पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून हे औषध घालायचं. बाटलीवर लिहिलं होतं, माणसाला अपाय नाही.

ह्वासुननं खोकं पोटाशी धरलं आणि फोटो काढून घेतला. "भावजी, पावडरीच्या नऊ पिशव्या आल्यात," ती म्हणाली. "मरेपर्यंत धुणं धुवायचं का मी? अक्कल चालवली ती तुम्ही एकट्यानं."

मी कालवांची धिरडी खाल्ली आणि हसलो.

ते खोकं आमच्या घरचं होतं. बायकोनं आणलेलं. अकरा दिवस आधी, चार तारखेला, मी त्यातली पहिली बाटली उघडली. मला सवय आहे, कुठलीही बाटली किंवा डबा उघडला की त्यावर मार्करनं तारीख घालायची. रंग असो, ग्रीस असो, मिरचीची पेस्ट असो. चौथ्या दिवशी बायको उठली ती घसा धरून. "आत कोणी खरवडल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "ते बंद करा." मी यंत्र बंद केलं. तिचा घसा दोन दिवसांत बरा झाला. अकरा भरलेल्या बाटल्या टाकून द्यायला माझं मन होईना. मी दुकानातून एक नवी आणली, रिकाम्या खणात बसवली, खोकं चिकटपट्टीनं बंद केलं. भेट अपुरी देत नाहीत. उघडलेली बाटली गॅलरीत बॉयलरच्या मागे ठेवली.

बायको तेव्हा म्हणाली होती, "मला सोसलं नाही ते त्यांना कशाला?"

मी म्हणालो, "तुझा घसा नाजूक. ह्वासुन दगड आहे."

शेडमधून आली की ह्वासुन गरम जमिनीवर आडवी व्हायची आणि यंत्र उशाशी ठेवायची. दुपारी एकदा, रात्री एकदा. खोकं पहिल्याच हिवाळ्यात संपलं. मग ती त्याच बाटल्या स्वतः आणू लागली. "भावजींनी दिलेलंच द्या," असं ती दुकानात सांगायची. हे मला मानहोनं कौतुकानं सांगितलं. असे आठ हिवाळे.

पाचव्या हिवाळ्यात तिचे किलो कमी झाले. चाळीसचे बत्तीस, पुढच्या वर्षी चोवीस. मधेच थांबायची, टेबलाला कंबर टेकायची. बायका म्हणाल्या, नवं घर अंगी लागलं. कोणी म्हणालं, चोरून सिगारेट ओढते. मुकादमानं तिला दाराजवळच्या जागेवरून काढून मागच्या टेबलाला घातलं. आठव्या हिवाळ्यात मानहोनं मला विचारलं, "दादा, ही अशी का झाली असेल?"

मी म्हणालो, "गरम जमिनीवर लोळायची सवय लागली. हात बसले की बसतात."

आळशी माणूस मला चालत नाही. हे मी अभिमानानं सांगत असे. मानहोनं माझे शब्द घरी जाऊन तिला ऐकवले. त्या हिवाळ्यात ती ताप असताना शेडवर गेली आणि तीस किलो करून आली. संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. फुप्फुसं आतून कडक झाली होती. डॉक्टर म्हणाले, वाळलेल्या स्पंजसारखी. त्यांनी कारण विचारलं. तिलाच ठाऊक नव्हतं.

कारण दुसऱ्या वर्षी टीव्हीवर आलं. त्या औषधानं कितीतरी बायकामुलं गेली होती. बाटल्या दाखवल्या, त्यांत आमची निळ्या झाकणाची होती. बायकोनं टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठून गॅलरीत गेलो. बाटली होती तिथंच होती, पाऊण भरलेली. ती दिसू नये म्हणून मी बाटलीपुढे एक डबा सरकवला.

पुढे काही वर्षांनी, ज्यांना इजा झाली त्यांची नावं सरकारी ऑफिसात नोंदवायला सुरुवात झाली. नाव नोंदलं गेलं की उपचार मिळणार होते. ह्वासुनला तेही हवं होतं, पण तिला मुख्यतः कागद हवा होता. "शेडच्या दारावर चिकटवीन," ती म्हणायची. तोवर तिच्या नाकात नळी आली होती आणि चाकांवरचा सिलिंडर मागे. "हा सिगारेटचा आजार नाही, आळसाचा नाही, एवढं शिक्क्यानिशी लिहून द्या म्हणावं."

डॉक्टरांचे कागद होते. पण औषध वापरलं याचा पुरावा नव्हता. बाटल्या तिनं दर आठवड्याला भंगारात दिल्या होत्या, दुकान बंद पडलेलं. फोटोत खोकं होतं, त्यावरची अक्षरं तिच्या हातांखाली झाकलेली. म्हणून मानहो माझ्याकडे आला. "दादा, तुम्ही दिलं होतंत एवढं लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'दिनांक पंधरा नोव्हेंबर रोजी दुकानातून नवीन खोकं घेऊन मी भेट दिलं.' सही केली.

दोन महिन्यांनी अर्ज परत आला. तोंडी गोष्ट पुरत नाही, वस्तू असेल तर आणा.

मानहो दारात उभा राहून म्हणाला, "चौदा वर्षं जुनी बाटली कोण ठेवतं, दादा?"

मी म्हणालो, "खरं आहे."

तो गेल्यावर मी बाटली काढली. माझ्या अक्षरात ठसठशीत लिहिलं होतं: २००३, ११, ४, उघडली. भेटीच्या अकरा दिवस आधी. मी चिंधीवर थिनर घेतलं. घासायला गेलो आणि थांबलो, कारण तारीख गेली की ती कुणाचीही बाटली झाली असती. ह्वासुनच्या उपयोगाची होती ती माझ्या तारखेमुळेच. बाटली पुन्हा आत ठेवली. ऑगस्टपासून मार्चपर्यंत ती तिथंच राहिली. त्या आठ महिन्यांत ह्वासुनला जास्त हवा लागू लागली, सिलिंडरचा काटा दोनवर होता तो चारवर गेला.

मार्चमध्ये बायको म्हणाली, "वेल्डमध्ये भोक राहिलं आणि कोणी वरून थर चढवून झाकलं, तर काय करायचात तुम्ही?"

"घासून काढायला लावायचो."

"आणि त्या माणसाला?"

अशा एकाला मी सगळ्यांसमोर हाकलला होता. तिला ते माहीत होतं.

मी बाटली पिशवीत घातली आणि सातव्या मजल्यावर गेलो. मानहो घरी होता. त्यानं जवाचा चहा ठेवला. ह्वासुन भिंतीला टेकून बसली होती. मी बाटली जमिनीवर ठेवली.

मानहो ओरडलाच, "दादा! सापडली? कुठं सापडली?"

ह्वासुननं ती उचलली, हलवली, आतलं पाणी पाहिलं. मग तारीख वाचली. तिला हिशेब लागायला वेळ लागत नसे.

"आमच्याकडे पंधराला आलात," ती म्हणाली.

"हो."

"ही चारची."

"हो."

"वहिनींना बाधलं?"

"घसा. चार दिवसांत. मग उरलेल्या अकरांत एक नवी घालून तुम्हाला दिल्या."

तिनं नाकातली नळी नीट केली. मग म्हणाली, "त्यांचा घसा बोलला आणि तुम्ही ऐकलंत. माझं फुप्फुस बोललं तर म्हणालात, हात बसले."

मानहोनं कप खाली ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेला. तो पुन्हा बाहेर आला नाही.

मी म्हणालो, "वहिनी, मी..."

"माफी नको. मला बोलायला हवा लागते, ती वाया जाते. कागद घ्या. इथं बसून लिहा."

मी लिहिलं. तिनं वाचून परत दिलं. "'थोडा त्रास झाल्याने वापर थांबवला' म्हणजे काय? थोडा कुठला? त्या काय म्हणाल्या तसं लिहा."

मी लिहिलं, आत खरवडल्यासारखं झालं म्हणून बंद केलं.

"पुढं. अकरा उरल्या, एक विकत आणून बारा केल्या, ते कुठंय? आधीचा कागद खोटा होता, ते कुठंय?" तिला धाप लागली. तिनं बोटानं थांबा म्हटलं, थांबली, मग म्हणाली, "चुरा ठेवू नका आत."

तिसऱ्यांदा लिहिलेलं तिला पटलं. एक पान झालं. एकतीस वर्षांत मी एवढं जड काम केलं नव्हतं, आणि ते एका पानाचं होतं. निघताना दारात बूट घालत होतो तेव्हा ती म्हणाली, "बाटली तुम्हीच ऑफिसात न्या. तुमच्या हातानं द्या." भावजी म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नाही.

ऑफिसातल्या मुलीनं माझं पान माझ्यासमोर मोठ्यानं वाचून खात्री केली. मागे रांगेत लोक होते. मी मान खाली घालून हो, हो म्हणत राहिलो.

पाच महिन्यांनी शिक्क्याचा कागद आला. ऑक्टोबरात शेड सुरू झाली त्या दिवशी मानहो तिला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन गेला. मला त्यानं बोलावलं नव्हतं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. ह्वासुननं स्वतः उठून कागद दाराला लावला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, वाकडा झाला म्हणून एकदा काढून पुन्हा. बायका जमल्या. मुकादमानं टोपी काढली आणि दाराजवळच्या टेबलावर तिच्यासाठी जागा केली.

ती तासभर बसली. निघताना मुकादमानं टोपली काट्यावर ठेवली आणि आकडा मोठ्यानं सांगितला. दोन किलो सातशे. कोणी हसलं नाही. ती गेल्यावर मी रस्ता ओलांडून टोपली पाहायला गेलो. मांसात हात घालून तळ चाचपला. कवचाचा एक कणही नव्हता.

"कोण पाहिजे, आजोबा?" एका नव्या बाईनं विचारलं.

मी हात पुसला आणि कोणी नाही म्हणालो.