दोष गाडीचा की अण्णांचा

माझे सासरे, गोपाळकृष्ण बेहेरे, पावसावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत. मृग लागायच्या आत ते घरातली हरेक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतात. ट्रान्झिस्टर, विजेरी, पंचांग इथपर्यंत ठीक आहे. पण ते छत्रीही पिशवीत ठेवतात. लग्न होऊन गोळपला आले त्या वर्षी मी विचारलं होतं, "अण्णा, छत्री कशाला?" तर म्हणाले, "उगाच भिजून कुजायला नको." पस्तीस वर्षं हायस्कुलात सायन्स शिकवलेल्या माणसाला यावर काय बोलणार? 

अण्णांचं दुसरं वेड म्हणजे त्यांची डिझेलची अँबॅसिडर. निवृत्त झाल्यावर जुनीच घेतलेली. ती चालू झाली की अख्ख्या वाडीला कळतं आणि कुत्री अंगणातून उठून जातात. मी रत्नागिरीत बँकेत नोकरी करते. नवरा, यज्ञेश, मुंबईत, सणासुदीला तेवढा येणारा. एरवी मी एसटीने जाते-येते, पण शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून अण्णा मला आणायला गाडी घेऊन येत. सोबत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजाराच्या पिशव्या घेऊन मागे बसत. गाडीचा वेग इतका की भाट्याच्या पुलावर आम्हाला सायकली मागे टाकत. आईंना त्याचा अभिमान होता. "ह्यांनी कधी कुणाला धक्का म्हणून लावला नाहीन," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दोन हजार एक सालच्या जूनपासून या गाडीने नवं खूळ काढलं. सकाळी घरून निघावं, काही नाही. बाजार करावा, काही नाही. परत येताना पूल ओलांडून गोळपची चढण लागली, इंजिन चांगलं तापलं, की अर्ध्या चढणीवर गाडी दोन गचके देई आणि बंद पडे. पुन्हा चावी फिरवली तर नुसती घरघर. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या चावीला चालू, आणि थेट घर.

ज्या वळणावर ती थांबे तिथे वाटेवरच्या राखणदाराचा दगड आहे. आईंनी पहिल्याच दिवशी निदान केलं. "अहो, त्यानेच थांबवलीन. आपण इतकी वर्षं ह्या वाटेने जातो, एक नारळ म्हणून दिला नाही त्याला." अण्णा म्हणाले, "लीला, राखणदाराला डिझेल इंजिनातलं काय कळतं?" पण थांबायचं तर होतंच. दुसऱ्या खेपेला आईंनी नारळ आणलाच होता. गवत बाजूला करा, दगड धुवा, हळदकुंकू वाहा, गाऱ्हाणं घाला, नारळ फोडा, खोबरं वाटा, यात घटकाभर सहज जाई. मग अण्णांनी चावी फिरवली की गाडी चालू! आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच नास्तिक. तिसऱ्या शनिवारी मी पाहिलं, अण्णा स्वतः नारळ सोलून डिकीत ठेवत होते. मी हसले तर म्हणाले, "माझा विश्वास नाही. पण प्रयोगात फरक पडतोय तोवर चालू ठेवायचा." त्या पावसाळ्यात आमच्याकडे रोज खोबऱ्याची चटणी होती.

हे सगळं गमतीत चाललं असतं. पण आमच्या वाडीतल्या कुणीतरी मुंबईला फोन करून यज्ञेशच्या कानावर घातलं, की तुझे वडील दर शनिवारी चढणीला गाडी बंद पाडून बसतात. रविवारी त्याचा फोन आला. मी घेतला होता, पण त्याचा आवाज एवढा की शेजारी उभ्या अण्णांनाही सगळं ऐकू गेलं. "चढणीलाच कशी बंद पडते गं? क्लच सोडताना पाय चुकत असेल. बहात्तर वय झालं त्यांचं. आता झेपत नाही हे त्यांना कोण सांगणार? मी गणपतीला येतो आणि चावी काढून घेतो. गाडी देऊन टाकू कुणाला तरी."

 जेवताना अण्णांनी ताकावर मीठ दोनदा घातलं. मला यज्ञेशचा भयंकर राग आला. काळजी बरोबर असेल, पण चावी काढून घेतो म्हणजे काय? पेन्सिल आहे का ती लहान मुलाच्या हातातली? आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकलीच. अण्णा गाडी चालवताना मी त्यांच्या पायाकडे बघायला लागले. ते त्यांना कळलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशीपासून अण्णांनी दोष गाडीचा आहे हे सिद्ध करायचा विडा उचलला. एक वही सुरू केली. तारीख, हवा, किती वाजता निघालो, कुठे थांबली. मग गाडी विठूकडे नेली. रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ गॅरेज टाकलेला हा विठू अण्णांचाच विद्यार्थी, सायन्समध्ये दोनदा नापास. अजूनही अण्णा दिसले की हातातला पाना पाठीमागे लपवतो.

विठूने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. गाडी घरी गुमान आली. अण्णा खूश. पुढच्या शनिवारी पुन्हा वळणावर बंद. परत विठू. या वेळी त्याने टाकीतलं डिझेल ओढणारा फीड पंप खोलला आणि गाडी तापवायला चढणीपलीकडच्या पावस गावापर्यंत फिरवून आणली. एक गचका नाही. परत घरी गुमान आली, आणि परत शनिवारी बंद. तिसऱ्यांदा नेली तेव्हा मी बरोबर होते. विठू खाली बघत म्हणाला, "गुर्जी, माझ्या हातात गाडी येकदम बरी चालते हो. काय सांगू?"

"म्हणजे माझ्या हातात बिघडते," अण्णा म्हणाले.

"तसं नाय बोललो मी."

"तसंच बोललास विठ्या. बरोबर बोललास."

त्या संध्याकाळी अण्णांनी मला पडवीत बोलावलं. प्रयोगशाळेत बोलावं तसे ते बोलत होते. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वाट तीच, वेळ तीच, ओझं तेच. फक्त चालवणारा बदलू. तुझ्याकडे लायसन आहे. शनिवारी तू चालव. बंद पडली तर दोष गाडीचा. नाही पडली तर दोष माझा, आणि चावी मी यज्ञेश येण्याआधीच देईन."

चार वर्षं मी ती गाडी मागत होते. "रविवारी बघू," असं चार वर्षं ऐकत होते. आणि मिळाली ती अशी. शनिवारी बँकेतून बाहेर पडताना मी मनात म्हणत होते, देवा, गाडी बंद पडू दे. गाडीसाठी असं साकडं घालणारी मी रत्नागिरी जिल्ह्यात पहिलीच असेन.

डिझेलचा काटा खाली आला होता म्हणून पंपावर थांबले. अण्णा आणि आई समोरच्या दुकानात गेले होते. पंपावरचा माणूस टाकीचं झाकण उघडायला गेला आणि वैतागला. "ओ ताई, हे काय बांधलंत?" बघते तर झाकणाखाली दुधाच्या जाड पिशवीचा तुकडा, वरून दुसरी पिशवी, आणि त्यावर ट्यूबची पट्टी तीन वेढे आवळलेली. अण्णांचं काम हे सांगायची गरज नव्हती. गेल्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं होतं, त्याचा हा बंदोबस्त. मागे पाच-सहा गाड्या हॉर्न मारत होत्या. मी ते बोचकं पर्समध्ये कोंबलं आणि नुसतं झाकण लावून निघाले.

गोळपची चढण आली. वळण आलं. मी मुद्दाम गिअर उशिरा बदलला, क्लच वेडावाकडा सोडला. गाडी वर चढली. राखणदाराचा दगड मागे गेला आणि घर आलं. आई मागून म्हणाल्या, "पावला हो!" मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तोंडाला पदर लावून बसल्या.

अण्णांनी चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. "प्रयोग संपला," म्हणाले. नंतर ते घरामागच्या नारळीच्या आगरात गेले आणि दिवेलागणीपर्यंत आत आले नाहीत. तीन दिवस त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. वही माळ्यावर टाकली. आई मला म्हणाल्या, "अगो, हा माणूस आजारी पडेल." 

बुधवारी बँकेत रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला तर ते डिझेलचा वास मारणारं बोचकं हाताला लागलं. शी, म्हणून टाकणार तोच मनात आलं, एकच गोष्ट बदलायची होती. मी दोन बदलल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून विठूकडे गेले. पिशवी समोर धरली. "ही टाकीवर असायची का रे?"

"व्हय तर. टाकी खोलताना दर टायमाला सोडून डिकीत टाकायचो मी. गुर्जी घरी जाऊन परत बांधायचे."

"आणि टाकीत हवा जायला वाट नसेल तर काय होतं?"

विठू पाना खाली ठेवून उभा राहिला. "डिझेल जातं, जागेवर हवा येत नाय. पंप ओढून ओढून दमतो. चढणीला जास्त मागतो, तिकडं बंद. मग बसल्या बसल्या फटीतनं थोडी हवा जाते, की परत चालू." मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. "गरम होन्याचा काय संबंधच नाय!"

"तीनदा हाताने सोडलीस, तेव्हा नाही सुचलं?"

"सुचलं ना वैनी. पयल्याच टायमाला सुचलं." तो लाजून म्हणाला, "पन म्हटलं, सायन्सच्या मास्तरांनी बांधलीनी. काय तरी शास्त्र आसंल त्यात."

मी तिथेच स्टुलावर बसून पोट धरून हसले. घरी आल्यावर अण्णांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, चावी परत केली. मला वाटलं, ते खजील होतील. कसलं काय! त्यांनी मला आणि आईंना गाडीत बसवलं आणि रत्नागिरीपर्यंत पिशवी बांधून एक फेरी, पिशवी सोडून एक फेरी, अशा चार फेऱ्या केल्या. पिशवीसकट दोन्हीदा गाडी वळणावर थांबली. नसताना दोन्हीदा वर आली. आईंनी थांबलेल्या दोन्ही वेळी नारळ फोडले, कारण त्यांचा सिद्धांत कुणी खोडला नव्हता.

गणपतीच्या आदल्या दिवशी अण्णा स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर गेले. यज्ञेश पुढे बसला, मी मागे. अण्णांनी वीसच्या वेगाने, एकही गचका न देता, पूल ओलांडला आणि चढण चढून गाडी अंगणात आणली. वाटेत मी पिशवीची सगळी हकिकत सांगितली होती.  उतरल्यावर यज्ञेश म्हणाला, "अण्णा, चुकलं माझं. तुमचा पाय कुठेही चुकत नाही. चालवा तुम्ही गाडी."

"पाय नाहीच चुकत," अण्णा म्हणाले. ते अजून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "डोळे चुकतात. आषाढात एकटा येत होतो तेव्हा पुलाच्या तोंडाशी एक कोळीण रस्ता ओलांडत होती. ती बाजूला उडी मारेपर्यंत मला दिसलीच नाही. टोपली पडली. मी उतरून मासळी गोळा करून दिली, तर दोन शिव्या दिल्यान मला. बरोबर होत्या. तेव्हापासून उजव्या बाजूचं मी अंदाजानेच चालवतोय."

 आईंनी ओटीवरून ऐकलं होतं, त्या पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" यज्ञेशने विचारलं. "इतके दिवस विठूकडे खेपा, त्या वह्या, ते प्रयोग, हे कशाला मग?"

"न केलेल्या चुकीची शिक्षा मी कधी कुठल्या मुलाला दिली नाही. स्वतःला कशी देऊ?" अण्णा दार उघडून उतरले. "केलेल्या चुकीची घेतो."

त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटून दिली. मला हुंदका आवरेना. यज्ञेशही वळून बॅगा काढायचं निमित्त करत होता.

"रडतेस काय वैदेही," अण्णा म्हणाले. "घरात गाडी चालवणाऱ्या एकीला तरी नीट दिसू दे."