मावशीने कापलेली ओळ

माझ्या मावशीला विद्यापीठात सगळे 'खूणबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर नुसतं 'बाई'.

विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेची ती मुद्रितशोधक होती. वर्षाला चार अंक, आणि प्रत्येक अंकात सगळ्या विद्याशाखांची सरमिसळ. मुंग्यांची वारुळं, वारसाहक्काचे कायदे, काँक्रीटला जाणारे तडे, जुनी नाणी, तान्ह्या बाळांचं रडणं, सगळं एकाच वेष्टणात. मावशी स्वतः अकरावीपर्यंत शिकलेली. तिची खोली पहिल्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या टाकायच्या खोलीला लागून. टेबलावर एक पट्टी, एक भिंग आणि टोक काढून ठेवलेल्या तीन लाल पेन्सिली. चौथी केसांत.

चुकीचं अक्षर दुरुस्त करणं हे तिचं काम. पण तिने स्वतःहून एक जास्तीचं काम लावून घेतलं होतं. निबंधाच्या शेवटी जे संदर्भ दिलेले असतात, त्यातला प्रत्येक संदर्भ ती ग्रंथालयात जाऊन काढायची, ते पान उघडायची, ते वाक्य तिथे आहे का बघायची, आणि मगच समासात लाल खूण करायची. ग्रंथालयात नसलं तर लेखकाकडून पानाची प्रत मागवायची. सगळ्या खुणा झाल्या की शेवटच्या प्रुफावर सही. तिची सही नसेल तर छापखान्यातले मशीनवाले काका कागदाला हातसुद्धा लावत नसत.

"बाई, तुम्हाला मुंग्यांतलं काय कळतं?" असं एका प्राध्यापकाने एकदा तिला विचारलं होतं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही वाचलं म्हणता ते तिथे आहे का, एवढंच बघते. त्याला मुंग्या कशाला कळायला हव्यात?"

मी ह्या बाईच्या टेबलाखाली खेळत मोठी झाले. आई आणि मावशी एकाच इमारतीत राहायच्या, आम्ही खाली, ती वर. त्यामुळे पुढे मी जे केलं त्याला मला काही सबब नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी प्रबंध लिहीत होते, मोठ्या इमारतींमधल्या दिशा दाखवणाऱ्या पाट्यांवर. प्रबंध सादर करायच्या आधी एक निबंध पत्रिकेत छापून यावा लागे, म्हणून मी एक पाठवला. त्याचा सगळा डोलारा 'तीन प्रश्नांचा नियम' ह्या एका गोष्टीवर उभा होता. अनोळखी इमारतीत माणूस तीनदा वाट विचारतो. चौथ्यांदा विचारण्यापेक्षा परत फिरतो. बावीस वर्षांपूर्वी आमच्याच पत्रिकेत हा नियम पहिल्यांदा छापून आला. तो मांडणारे तरुण अध्यापक आता पत्रिकेचे संपादक होते आणि त्या नियमावर भाषणं द्यायला गावोगाव जायचे. नियम तर त्यांच्याही पुढे गेला होता. नगररचनावाल्यांनी तो घेतला, मानसशास्त्रवाल्यांनी घेतला, दुकानांत गिऱ्हाईक कसं फिरतं ह्यावर लिहिणाऱ्यांनी घेतला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बटणं कुठे असावीत हे ठरवणाऱ्यांनी घेतला. मुंग्यावाल्यांनीसुद्धा सोडला नाही.

सगळे संपादकांच्या निबंधाचा हवाला द्यायचे. मी शहाणी. ज्या जुन्या पाहणी-अहवालावरून संपादकांनी नियम काढला, थेट त्याचाच हवाला दिला. भारदस्त दिसतं. तो अहवाल मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

निबंध मावशीकडे जातात तेव्हा लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. पण मी 'तथापि' किती वापरते हे तिला माझ्या शाळेपासून माहीत. एका संध्याकाळी ती खाली आली आणि दारातच उभी राहिली.

"तो पाहणीचा अहवाल तू कुठे वाचलास?"

"ग्रंथालयात."

"ग्रंथालयात कुठे?"

"वरच्या मजल्यावर. संदर्भ विभागात."

"तळघरात आहे तो," मावशी म्हणाली. "जिन्याखालच्या कपाटात. वरचा पाइप गळतो म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिक टाकलंय. आत तारखांची चिठ्ठी आहे, तिच्यावर एकच शिक्का. बावीस वर्षांपूर्वीचा, आणि तो संपादकांच्या नावावर. त्यांच्यानंतर त्याला मीच हात लावला."

तिने पिशवीतून अहवाल काढला आणि मोठ्याने वाचला. ती पाहणी डोळ्यांच्या दवाखान्यात झाली होती. माणसं एकोणीस. आणि वाक्य असं होतं: 'एका डोळ्यावर पट्टी बांधलेले रुग्ण साधारणपणे तीनदा वाट विचारतात, चौथ्यांदा विचारण्यापेक्षा परत फिरतात.'

आधी मला हसू फुटलं. सगळी नगररचना, सगळी दुकानं, सगळ्या मुंग्या, एका डोळ्यावर पट्टी! मग लक्षात आलं. माझा प्रबंधही त्याच पट्टीवर उभा होता.

"हे हसण्यावारी नेऊ नकोस," मावशी म्हणाली. "ती पट्टी मीच काढली."

मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत तिची जुनी प्रुफं वर्षावार गठ्ठे बांधून ठेवलेली होती. त्यातून तिने संपादकांच्या त्या निबंधाचं प्रूफ शोधून काढलं होतं. त्यांनी वाक्य बरोबर लिहिलं होतं. पण एक ओळ पानाबाहेर जात होती, छापखाना खोळंबला होता, लेखक गावाला गेलेले. मावशी नोकरीला नवीन. तिने 'एका डोळ्यावर पट्टी बांधलेले रुग्ण' खोडलं आणि वर लिहिलं, 'माणसं'. ओळ मावली. मूळ बघायची सवय तिला अजून लागायची होती. आणि पुढे लागली तेव्हा, ह्या नियमाचा हवाला आला की ती आपल्याच पत्रिकेचा जुना अंक काढायची, वाक्य जसंच्या तसं दिसायचं, की झाली खूण. सत्तावीस वेळा तिने स्वतःच्याच चुकीवर खूण केली होती.

"मला शुद्धिपत्र छापायचंय," ती म्हणाली. "माझ्या नावानं. आणि मूळ न बघता ज्यांनी पुढे ढकललं, त्या सत्तावीस निबंधांची यादी."

"आणि माझा निबंध?"

"त्याच्यावर खूण नाही."

त्यावर मी जे बोलले ते लिहायला आजही हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "तुला कधी पदवी मिळाली नाही, म्हणून मलाही मिळू नये असं वाटतं तुला." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थिजली. मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "झालं बोलून?" म्हणाली, आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी ती संपादकांकडे गेली. मशीनवाले काका तेव्हा तिथेच प्रुफं घेऊन उभे होते, त्यांनीच मला नंतर सगळं सांगितलं. संपादक आधी हसले. म्हणाले, "बाई, बावीस वर्षांनी हे उकरून काय मिळणार? आभाळ कोसळलंय का?"

"आभाळ नाही, ओळ. आणि ती मी कापली."

"कोण वाचतंय शुद्धिपत्र?"

"कुणी वाचत नसेल तर छापायला काय हरकत आहे?"

मग संपादकांनी सूर बदलला. मावशीचं निवृत्तीचं वय झालं होतं आणि दोन वर्षं वाढवून मिळावीत म्हणून तिचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी तो अर्ज उचलला, वाचल्यासारखं केलं, परत ठेवला. "अंकात जागाच नाही," म्हणाले. "एक पानही नाही."

"मग अंकावर माझी सही नाही," मावशी म्हणाली आणि आपल्या खोलीत येऊन बसली.

आठ दिवस अंक अडला. काकांना वरून निरोप आला, छापून टाका. काकांनी उलट निरोप धाडला, बाईंची सही नाही, मशीन नाही. ज्यांचे निबंध त्या अंकात होते त्यांच्या बढत्या अडल्या, आणि एकेक विद्वान मावशीच्या खोलीत हजेरी लावू लागला. कायदेवाले म्हणाले, बाई, आता मुदत गेली. संख्याशास्त्रवाले म्हणाले, सत्तावीस म्हणजे काहीच नाही, एकूण किती निबंध ते बघा. वैद्यकवाले म्हणाले, रोगी चालताबोलता आहे, कशाला फाडायचा? नाणेवाले बिचारे काही न बोलता नुसते बसून राहिले. प्रत्येकाला मावशी शांतपणे एकच विचारायची, "तुम्ही तो अहवाल वाचलात का?" आणि पुढ्यातला अहवाल त्याच्याकडे सरकवायची. घाई आहे म्हणून जो तो उठायचा. आठ दिवसांत एकानेही तो उघडला नाही, आणि ह्याचा मला तिच्या अडवलेल्या सहीपेक्षा जास्त संताप आला. कारण मीही उघडलेला नव्हता.

घरी आई माझ्या बाजूने, म्हणजे मावशीच्या विरुद्ध. "रक्ताच्या नात्यापेक्षा कागद मोठा झाला हिला," म्हणून धुसफुसायची. जिन्यात गाठ पडली की मी मान फिरवायचे.

नवव्या दिवशी सकाळी मावशी यायच्या आधी मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, त्या अहवालात माझ्या बाजूचं काहीतरी सापडेल, मग तिला गप्प करता येईल. खुर्चीवर बसले आणि वाचला. चाळीस पानं. अर्धा तास लागला. माझ्या बाजूचं त्यात काही नव्हतं. शेवटच्या पानावर पाहणी करणाऱ्या डॉक्टरने साध्या भाषेत लिहिलं होतं, की ह्या एकोणीस जणांवरून धडधाकट माणसांबद्दल काहीही ठरवू नये. अर्ध्या तासाचं काम! दोन वर्षं प्रबंध लिहीत होते आणि मला अर्धा तास मिळाला नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मी तिथलाच कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की माझा निबंध मी परत घेत आहे, कारण ज्या अहवालाचा मी हवाला दिला तो मी वाचलेला नव्हता. मावशी आली. तिने उभ्याउभ्या वाचलं, केसांतली पेन्सिल काढली, आणि मला वाटलं आता जवळ घेईल.

"तारीख घातली नाहीस," ती म्हणाली.

तारीख घातली आणि आम्ही दोघी संपादकांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं एक वर्ष फुकट जाईल, माहीत आहे ना?"

"हो सर. पण माझा निबंध गेला, तुमची अकरा पानं रिकामी झाली. जागा नव्हती ना?"

त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "ठीक आहे. बाईंची चूक छापू. यादी नको."

"यादी नाही तर सही नाही," मावशी म्हणाली.

"ह्या यादीत कोणकोण आहेत माहीत आहे? आणि तुम्ही माझंही नाव घालणार!"

"नाही, सर. यादी मूळ अहवाल न बघता लिहिणाऱ्यांची आहे. तुम्ही बघितला होता. चिठ्ठीवर शिक्का आहे तुमचा." मावशीचा आवाज जराही चढला नव्हता. "माझ्याकडून ओळ गेली ती चुकून. अंक हातात आल्यावर ती गेलेली फक्त तुम्हाला दिसली असणार. बावीस वर्षं तुम्ही एका डोळ्यावर पट्टी बांधून भाषणं देत होतात. तुमच्यासाठी यादीच्या वर स्वतंत्र वाक्य लिहिलंय. कापू नका, पानात मावतं."

त्यांनी कापलं नाही. तशीही सही तिच्याच हातात होती.

शुद्धिपत्र छापून आलं. पहिलं नाव मावशीचं, 'ओळ कापणारी' म्हणून. त्याखाली संपादकांवरचं ते एक वाक्य. मग सत्तावीस निबंध, विद्याशाखांसकट. माझा निबंध छापलाच गेला नव्हता, तेव्हा यादीत यायचं कारण नव्हतं. पण अठ्ठाविसावं नाव माझं होतं. "तूही ढकलणारच होतीस," मावशी म्हणाली. मी नको म्हटलं नाही. आईने दोन महिने तिच्याशी अबोला धरला.

मावशीला दोन वर्षं वाढवून मिळाली नाहीत. त्याच महिन्याअखेर तिने तीन पेन्सिली पिशवीत घातल्या आणि घरी आली. चौथी तशीच केसांत.

मी वर्षभर चार इमारतींच्या दारांशी आणि जिन्यांशी वही घेऊन बसले. दोन्ही डोळे उघडे असलेली सहाशे दहा माणसं मोजली. तीनचा नियम वगैरे काही निघाला नाही. बहुतेक जण एकदा विचारतात, आणि चुकीचं उत्तर मिळालं तरी त्याच वाटेने ठामपणे चालत सुटतात. मला हे वाचून हसणारे पुष्कळ भेटले. हसू देत. मोजून लिहिलंय.

निबंध पूर्ण झाला तेव्हा तो घेऊन मी वर गेले. मावशी खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल रेघा ओढत होती. पानं तिच्यासमोर ठेवली.

"ह्या माणसांचा हवाला कुठला?" तिने विचारलं.

"कुठला म्हणजे? मी स्वतः मोजली. ही पहिल्या पानावरची सरकारी कचेरीच्या मागच्या जिन्यात, जिथून दोन वाटा फुटतात तिथे बसून."

"कुठल्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. पाण्याच्या टाकीला लागून एक बाक आहे, त्याचा एक पाय आखूड आहे."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल उचलली, समासापर्यंत नेली, आणि खूण न करताच परत केसांत खोचली. मग उठून चपला घालत म्हणाली, "चल, दाखव."