उघाडीपाशी गळलेले बाण

नम्रता वडखळजवळच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. डिप्लोमा करून १९९६ साली ती रोह्याच्या एका छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात लागली. तिथल्या एकुलत्या संगणकात पाण्याचा प्रवाह मांडणारं सॉफ्टवेअर होतं. नकाशाच्या प्रत्येक चौकटीत पाणी कुठं आणि किती जोरात चाललंय, ते बाणांनी दिसायचं. पण बाण किती, केवढे, किती जाड, हे कोड लिहूनच सांगावं लागे. बाकीचे त्याला कंटाळत; नम्रताला ते आवडायचं.

त्या वर्षी तिच्याच गावच्या बांधाचं काम ऑफिसात आलं. शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडणारा दरवाजा, म्हणजे उघाडी. तिच्यापाशी बांध उधाणात फुटायचा आणि खारं पाणी भातात शिरायचं. फुटला की उघाडीच्या उगवती-मावळतीच्या दोन्ही बाजू एकदमच वाहून जात, सुरुवात कुठून झाली ते कळत नसे. गावानं श्रमदान ठरवलं होतं, दगड मात्र एकाच बाजूला पुरेल एवढा होता.

पहिल्या छापात बाणांच्या गर्दीनं कागद काळा झाला. नम्रतानं संगणकाला पाचांतला एकच बाण ठेवायला सांगितलं, तसा नकाशा विंचरल्यासारखा दिसू लागला.

"वा! हाच दाखव गावाला," ऑफिसचे प्रमुख दामोदरसाहेब म्हणाले.

तिनं उघाडीवर बोट ठेवलं. तिथं कोरं होतं. उघाडी जेमतेम एका चौकटीएवढी. गाळलेल्या बाणांत नेमके तिचेच गेले होते.

"हा नाही चालणार, सर."

"गणित तर बरोबर आहे."

"गणित बरोबर आहे. पाणी मी पुसलंय."

तिनं कोड नव्यानं लिहिलं. उघाडीभोवती सगळे बाण, लांब गेल्यावर विरळ. लांबी सगळ्यांची सारखी ठेवून वेग जाडीत दाखवला. आता स्पष्ट दिसलं : दारातून सुटलेलं पाणी उगवतीला वळून बांधाच्या पायाशी गरगरत होतं.

श्रमदानाच्या सकाळी तिनं बांधावरच कागद पसरला.

"काय गो, हे बाण का मुंग्या?" गावचा बांध सांभाळणाऱ्या जनूकाकांनी विचारलं.

"मुंग्याच, काका. बांध कुठं पोखरतायत ते बघा."

"रोह्याला बसून हिला आमची खाडी दिसते व्हय!" शेजारची हौसामावशी म्हणाली.

"मी काय रोह्यात जन्मले, मावशी?"

हशा पिकला. काका मात्र हसले नाहीत. "लाट मावळतीला आदळते. दगड आम्ही तिथंच टाकत आलो."

"लाट दिसते, काका. हे पाणी खालून फिरतं, ते दिसत नाय."

काका वाकले. जाड बाणांवरून बोट फिरवत उघाडीतून निघाले आणि बांधाच्या पायाशी थांबले.

"टाकू उगवतीला. पण फुटला, तर तुझ्या बापाला धरीन."

"मला धरा. बाप काय बाण काढत नाय."

ओहोटी लागली होती. माणसं रांगेनं उभी राहिली. नम्रतानं पदर खोचला, मावशीशेजारी जागा धरली, आणि पहिला दगड हातोहात उगवतीकडं निघाला.